शेगडी पेटवली की धूर खोलीतच: ओढ का बिघडते आणि ती कशी सुधारायची

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. शेगडी नवी, नळा नवा, लाकूड भरपूर; पण पेटवली की पहिली दहा मिनिटे धूर दाराच्या फटीतून खोलीत. डोळे चुरचुरतात, खिडक्या उघडाव्या लागतात, आणि थोड्या वेळाने सगळे सुरळीत होते. काहींकडे याच्या उलट: दोन महिने उत्तम चालते आणि ऐन थंडीत अचानक धुमसायला लागते. टोपी बदलून होते, शेगडीही बदलून होते, तरी पुढच्या हिवाळ्यात तोच त्रास पुन्हा हजर.

इथे शेगडी म्हणजे दार असलेली, बंद पेटीची, लाकूड जाळणारी लोखंडी शेगडी. आणि धुराडे म्हणजे तिच्या गळ्यापासून (जिथे नळा जोडतात त्या तोंडापासून) छपरावरच्या टोपीपर्यंतचा सगळा मार्ग. खरे यंत्र धुराडेच आहे. शेगडी ही त्याच्या तळाशी बसवलेली पेटी. शेगडी धूर वर ढकलत नाही, धुराडे तो ओढून घेते. म्हणून धूर खोलीत आला की शेगडीकडे संशयाने बघण्याआधी वर बघावे.

ओढ किती असते

गरम हवा हलकी, थंड हवा जड. धुराड्यातल्या गरम हवेचा स्तंभ आणि बाहेरच्या थंड हवेचा तेवढ्याच उंचीचा स्तंभ, या दोघांच्या वजनातला फरक म्हणजे ओढ. धुराडे ५ मीटर उंच, बाहेर ५ अंश आणि नळ्यात सरासरी २०० अंश सेल्सियस असेल तर हा फरक सुमारे २५ पास्कल भरतो. म्हणजे अडीच मिलिमीटर पाण्याच्या थराचा दाब. एवढ्याशा जोरावर सगळा कारभार चालतो. त्यातून बेंड, जाळी, काजळी यांचे घर्षण वजा करायचे. बहुतेक बंद शेगड्यांना नीट जळायला १२ पास्कलच्या आसपास ओढ लागते.

आता तेच धुराडे थंड असताना बघा. बाहेर २० अंश, नळ्यात जेमतेम ६० अंश, तर ओढ ७ पास्कलवर येते. म्हणून हिवाळा सुरू होण्याआधी, हवा अजून उबदार असताना केलेली चाचणी फसवी असते. त्या दिवशी थोडा धूर आला म्हणजे बांधकाम चुकले असे नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत, नळा चांगला तापल्यावरही धूर येत असेल तर दोष नक्की आहे.

या गणितात हाताळण्यासारख्या गोष्टी दोनच: उंची आणि नळ्यातली उष्णता. तिसरी गोष्ट गणितात दिसत नाही, पण निम्म्या तक्रारींच्या मुळाशी ती असते: घरातल्या हवेचा दाब.

धूर केव्हा येतो, ते आधी लिहून ठेवा

दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी चार-पाच वेळा शेगडी पेटवून एका कागदावर टिपा: धूर पेटवताना येतो, दार उघडल्यावर येतो, वारा सुटल्यावर येतो, की आग मंदावल्यावर? त्या वेळी कुठला पंखा चालू होता, कुठली खिडकी उघडी होती? वारा कुठल्या दिशेचा होता? ही टिपणे नव्या टोपीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टोपी, नळा आणि लाकूड एकदम बदलले तर बरे कशाने झाले ते कळत नाही, आणि त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फक्त पेटवताना धूर येत असेल

बंद पडलेल्या धुराड्यात थंड हवा खाली बसलेली असते. धुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर ते तीन बाजूंनी थंडी खाते आणि आतली हवा घरातल्या हवेपेक्षा जड होते. अशा वेळी हवा धुराड्यातून खाली, शेगडीच्या दारातून खोलीत वाहत असते. त्यात काडी लावली की धूरही त्याच वाटेने येणार.

पेटवण्याआधी दार अर्धवट उघडून पेटीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत वळला तर ओढ आहे. सरळ वर गेला तर ओढ नाही, पण उलटा प्रवाहही नाही. खोलीकडे वळला तर आत्ता काडी लावू नका.

आता शेगडीपासून दूरची, वाऱ्याकडच्या बाजूची एक खिडकी दोन बोटे उघडा आणि उदबत्ती पुन्हा धरा. प्रवाह फिरला तर दोष घरातल्या दाबाचा, धुराड्याचा नव्हे. फिरला नाही तर नळ्यात थंड हवेचा गठ्ठा बसलाय. तो हलवायला पेटीत वरच्या बाजूला असलेल्या आडव्या पत्र्याच्या जितक्या जवळ जाता येईल तितके वर, दोन-तीन सैलसर चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद पेटवा. केस वाळवायचे यंत्र पाच मिनिटे वरच्या दिशेने धरले तरी काम होते, तेही बिनधुराचे. नळ्यातून हलका घोंघावल्यासारखा आवाज आला की प्रवाह सुरू झाला.

पेटवण्याची पद्धतही इथे महत्त्वाची. खाली कागद, वर काटक्या, त्यावर ओंडके ही जुनी रचना थंड धुराड्याला त्रासाची, कारण आग वर पोचेपर्यंत ओंडके नुसते धुमसतात. उलट रचना करा: तळाला दोन-तीन मनगटाएवढ्या ढलप्या, त्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या आठ-दहा काटक्या आडव्या-उभ्या, सगळ्यात वर बारीक चिपाट्या आणि पेटवण. काडी वरून लावायची. ज्वाळा पहिल्या मिनिटापासून उघड्या राहतात, निघणारा धूर त्यांतच जळतो आणि नळा लवकर तापतो. हवेची झडप पूर्ण उघडी, दार पहिली काही मिनिटे बोटभर उघडे, आणि तोवर शेगडीसमोरून हलायचे नाही.

बाहेरच्या भिंतीचे धुराडे दरवेळी असाच छळ करत असेल तर कायमचा उपाय एकच: आत उष्णतारोधक आवरणाचा स्टीलचा नळा सोडणे किंवा बाहेरचा भाग दुपदरी उष्णतारोधक नळ्याने बदलणे. नवे बसवत असाल तर धुराडे घराच्या आतून, शक्यतो छपराच्या उंच भागाजवळून वर काढा. आतून गेलेले धुराडे घराच्या उबेने आधीच कोमट असते.

दार उघडल्यावरच धूर येत असेल

बंद दारात ओढ पुरते, उघड्या दारात पुरत नाही. म्हणजे ओढ काठावर आहे. दार उघडले की पेटीत दहापट मोठे भोक पडते आणि नळ्याला एकदम जास्त हवा ओढावी लागते.

आधी सवय तपासा. झडप पूर्ण उघडा, दार सेंटिमीटरभर किलकिले करून अर्धा मिनिट थांबा, मग सावकाश उघडा. लाकूड घालायची वेळ ज्वाळा संपून लाल निखारे उरल्यावरची. ज्वाळा जोरात असताना दार उघडले तर चांगल्या धुराड्यातूनही झुळूक मागे येते, त्याला दोष म्हणू नये.

एवढे करूनही येतो? मग मापे घ्या. शेगडीच्या गळ्यापासून टोपीपर्यंत उंची किती? साडेचार मीटरपेक्षा कमी असेल तर एक मीटर वाढवणे हा बहुधा सगळ्यात खात्रीचा उपाय. नळ्याचा व्यास गळ्याएवढाच आहे का? १५० मिमीच्या गळ्यावर १२५ मिमीचा नळा बसवला की वाट तीस टक्क्यांनी अरुंद होते. 'थोडासाच तर कमी आहे' असे म्हणून केलेली ही तडजोड पुढे दर हिवाळ्यात भोगावी लागते.

व्यास फार मोठा असला तरी पंचाईत. जुन्या विटांच्या धुराड्याची पोकळी २३ बाय २३ सेंमी असेल तर तिचे क्षेत्रफळ ५२९ चौरस सेंमी. १५० मिमी नळ्याचे जेमतेम १७७. शेगडीचा धूर तिप्पट रुंद पोकळीत शिरला की मंदावतो, विटांना उष्णता देऊन बसतो आणि वर पोचेपर्यंत ओढ संपते. नुसता हातभर नळा जुन्या धुराड्याच्या तोंडात खुपसून भोवती सिमेंट लिंपणे हे म्हणूनच चालत नाही. गळ्यापासून टोपीपर्यंत अखंड स्टीलचा नळा सोडावा लागतो आणि त्याच्या व विटांच्या मधल्या जागेत व्हर्मिक्युलाइट किंवा तत्सम न जळणारे आवरण भरावे लागते.

बेंड मोजा. गळ्यातून नळा वर निघत असेल तर पहिला बेंड येण्याआधी किमान ६० सेंमी सरळ उभा नळा हवा. मागून निघत असेल तर आडवा तुकडा १५ सेंमीच्या आत संपवून नळा उभा करावा. ९० अंशांच्या एका बेंडऐवजी ४५ चे दोन घेतले तर धूर सहज वळतो आणि काजळी कमी साठते. काटकोनाचे तीन बेंड असलेल्या धुराड्यावर दुसरा कुठलाही उपाय करून बघण्यात अर्थ नाही, आधी ते बेंड काढा.

आधी ठीक होते, आता बिघडले

हा प्रकार निदानाला सगळ्यात सोपा: काहीतरी तुंबले आहे. कुठे, ते या क्रमाने बघा.

पहिली जागा टोपीखालची जाळी. ओल्या लाकडाची काजळी बारीक जाळीवर लोण्यासारखी चिकटते आणि एका हंगामात ती पूर्ण बुजवू शकते. पक्ष्यांना अडवायला १२ ते १५ मिमीची छिद्रे पुरतात, त्याहून बारीक जाळी लावू नका.

दुसरी जागा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात: पेटीच्या आत वरच्या बाजूला असलेला आडवा पत्रा. ज्वाळा लांबच्या वाटेने फिरवायला तो असतो. छपरावरून ब्रश फिरवून धुराडे साफ केले की सगळी काजळी खाली येऊन याच पत्र्यावर बसते. धुराडे नुकतेच साफ केले आणि नेमके तेव्हापासूनच धूर यायला लागला, अशी तक्रार असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. पत्रा बहुधा सुटा असतो, पुढून उचलून तिरका करून बाहेर निघतो. काही शेगड्यांत तो दोन पिनांवर किंवा कडेच्या अग्निविटांवर टेकलेला असतो. काढा, वरचे झाडा, वाकला असेल तर बदला, आणि परत बसवताना पुढची-मागची बाजू उलटू देऊ नका. उलटा बसलेला पत्रा धुराची वाट अर्धी बंद करतो. सफाई करायचीच तर पत्रा आधी काढून मग ब्रश फिरवावा.

तिसरी जागा बेंडची खालची कड आणि आडवा तुकडा. तिथे राख साठते. शेवटी उभा नळा: साफसफाईचे दार उघडून आरसा तिरका धरा किंवा मोबाइलचा कॅमेरा वर रोखा. दिवसा वर आकाशाचा गोल ठिपका दिसायला हवा. ठिपका अर्धा दिसला तर पक्ष्याचे घरटे, कोसळलेली वीट किंवा काजळीचा थर.

ब्रशचा व्यास नळ्याएवढा घ्या. स्टीलच्या नळ्याला प्लास्टिकच्या तंतूंचा ब्रश, साध्या लोखंडी तारांचा नव्हे. तारांचे कण स्टीलमध्ये रुतून तिथून गंज धरतो. जोडकाठ्या नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत ढकला, उलट्या फिरवल्या की आटे सुटतात आणि ब्रश मध्येच अडकून बसतो. थर तीन मिमी झाला की सफाई करायची, हंगाम संपायची वाट बघायची नाही.

वारा सुटला की धूर येत असेल

वाऱ्याच्या दिशेचे टिपण इथे कामी येते. एकाच दिशेच्या वाऱ्यात त्रास होत असेल तर त्या बाजूला धुराड्यापेक्षा उंच काहीतरी आहे: छपराचा माथा, पाण्याची टाकी, शेजारची भिंत, झाड. वारा त्यावरून उडी मारून खाली कोसळतो, आणि टोपी त्या कोसळत्या हवेत असेल तर धूर खाली दाबला जातो. नियम असा: नळा छपरातून बाहेर पडतो तिथून किमान ९० सेंमी वर, आणि तीन मीटरच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा किमान ६० सेंमी वर टोक असावे. छपरावर दीड मीटरपेक्षा जास्त नळा उभा राहत असेल तर त्याला दोन बाजूंनी ताण द्या.

उंची पुरी असून कुठल्याही दिशेच्या वाऱ्यात भपके येत असतील तेव्हाच वारारोधक टोपीचा विचार करा. गरगर फिरणारी टोपी दिसायला आकर्षक, पण लाकडाच्या शेगडीवर ती धुरातून जमणाऱ्या डांबराने जाम होते आणि जाम झालेली टोपी नसलेल्या टोपीपेक्षा वाईट. न फिरणारी, कडेला झडपा असलेली घ्या. विजेवर चालणारा ओढपंखा हा सगळ्यात शेवटचा उपाय. वीज गेली की तो नुसता अडथळा होऊन बसतो.

पंखा लावला की धूर येत असेल

दोन किलो लाकूड तासाभरात जाळायला ढोबळमानाने २० घनमीटर हवा लागते. स्वयंपाकघरातला मोठा धूरशोषक तासाला ५०० घनमीटर किंवा त्याहूनही जास्त हवा बाहेर फेकतो. घर घट्ट बंद असेल तर ही हवा भरून काढायला सगळ्यात सोपी वाट धुराड्याचीच, वरून खाली. पंखा बंद करून उदबत्तीची चाचणी, मग पंखा लावून तीच चाचणी. फरक लगेच दिसेल. न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्र यांचीही अशीच तपासणी करा.

वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी हेच काम पंख्याशिवाय करते. उबदार घर स्वतःच एक मोठे धुराडे असते. वरून हवा निसटली की खालच्या मजल्यावर ओढाताण सुरू होते. म्हणून धूर आल्यावर घाईने वरची खिडकी उघडणे चूक, खालची उघडा. नव्या खिडक्या बसवल्या, फटी बुजवल्या आणि त्याच हिवाळ्यात शेगडी बिघडली, यातही आश्चर्य काही नाही. अशा घरात शेगडीला बाहेरची हवा थेट आणणारा १०० मिमीचा नळा द्यावा. पुष्कळ शेगड्यांना त्यासाठी मागे किंवा तळाला जागा ठेवलेली असते. तिथला व्यास बघूनच नळा घ्या. तो नळा घाण, पाने, उंदीर यांपासून जाळीने राखा आणि बर्फ किंवा पाणी साचणार नाही एवढ्या उंचीवर त्याचे तोंड ठेवा.

आग मंदावल्यावर, रात्री उशिरा

हा भाग गंभीर आहे. ज्वाळा संपल्या की धूर दिसत नाही, पण निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याच वेळी नळा थंड होत असतो, म्हणजे ओढ सगळ्यात कमी. वायूला रंग नाही, वास नाही. सकाळी डोके जड, मळमळ, चक्कर आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे ही खूण असेल तर ती सर्दी समजू नका. अशी लक्षणे शेगडी चालू असताना जाणवली तर सगळ्यांना आधी बाहेर काढा, मग मदत बोलवा.

नळ्यात हाताने फिरवायची झडप असेल तर निखारे असेपर्यंत ती पूर्ण बंद करायची नाही. नवी झडप घेताना तिच्या चकतीला भोक असलेली घ्या, म्हणजे चुकून बंद झाली तरी वाट उरते. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर शेगडीपासून एक ते तीन मीटर अंतरावर लावा, झोपायच्या खोल्यांजवळ दुसरा. एकाच धुराड्यात दोन शेगड्या जोडलेल्या असतील तर एक आजच बंद करा. एकीचा वायू दुसरीतून घरात येतो.

झडप आवळली की धप्प आवाज आणि भपका

निखाऱ्यांवर तीन-चार ढलप्या टाकून लगेच हवा बंद केली की लाकडातून वायू निघत राहतात, पण जळायला हवा नसते. पेटी त्या वायूंनी भरते, कुठूनतरी थोडी हवा मिळाली की सगळे एकदम पेटते आणि धूर प्रत्येक सांध्यातून बाहेर फेकला जातो. शेगडीत दोष नाही. निखारे पुढे ओढा, लाकूड मागे ठेवा, झडप १० ते १५ मिनिटे उघडी ठेवा. ढलप्यांच्या कडा काळ्या होऊन ज्वाळा स्थिर झाल्यावर हवा दोन-तीन टप्प्यांत कमी करा.

सांध्यातून काळे पाणी, डांबराचा वास

नळ्याच्या सांध्यातून तपकिरी ओघळ येत असतील तर दोन प्रश्न: लाकूड किती ओले, आणि नळा उलटा बसलाय का?

नळ्याच्या प्रत्येक तुकड्याचे आत जाणारे, दुमडीचे टोक खाली शेगडीकडे असले पाहिजे. पुष्कळ कारागीर उलटे बसवतात, कारण त्यांना वाटते वर जाणारा धूर सांध्यातून निसटेल. धूर निसटत नाही. आत दाब कमी असल्याने सांध्यातून खोलीतली हवाच आत ओढली जाते. खाली मात्र डांबर ओघळते, आणि टोक उलटे असेल तर ते बाहेर पडते. प्रत्येक सांध्याला १२० अंशांवर तीन स्क्रू आणि अग्निरोधक सिमेंट. आडव्या तुकड्याला मीटरला २० मिमी चढ, धुराड्याच्या दिशेने.

डांबर तयार होण्याचे कारण थंड धूर. धुराचे तापमान साधारण १२० अंशांखाली गेले की त्यातली वाफ आणि न जळलेले वायू नळ्याच्या भिंतीवर जमतात. ओल्या लाकडात हे हमखास होते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. त्यातून किलोमागे जेमतेम सव्वादोन किलोवॅट-तास मिळतात, तर २० टक्के ओलाव्याच्या लाकडातून चार. लाकूड २० टक्क्यांच्या खाली हवे. ओलावामापक असेल तर ढलपी नव्याने फोडून तिच्या आतल्या तोंडावर टोचा, वरची साल कोरडीच दाखवते. पण एक मेख आहे: हे मापक बहुधा कोरड्या वजनावर टक्के दाखवतात, त्यामुळे मापकावरचे २५ म्हणजे एकूण वजनाचे २० टक्के. मऊ लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडे ठेवून सहा महिने ते वर्षभर, कठीण लाकूड एक ते दोन वर्षे वाळवावे लागते. हंगामाच्या तोंडावर आणलेले 'वाळलेले' लाकूड पुष्कळदा पुढच्या वर्षीचेच असते.

नळ्यावर चुंबकाचा तापमापक गळ्यापासून अर्ध्या मीटरवर लावा. एकेरी पत्र्याच्या नळ्यावर बाहेरून १२० ते २४० अंश ही कामाची पट्टी. सतत खाली राहिला तर डांबर साठते, वर गेला तर नळा आणि पेटी दोन्ही झिजतात.

काचेसारखा चकचकीत काळा थर ब्रशने निघत नाही. तो खरवडण्याच्या नादी लागू नका. जाणकाराकडून रसायनाने काढून घ्या किंवा नळा बदला. हाच थर धुराड्यात पेट घेतो. मोठी गाडी धडधडत गेल्यासारखा आवाज, टोपीतून ठिणग्या, नळा लाल: दार आणि हवेच्या सगळ्या वाटा बंद करा, घर रिकामे करा, अग्निशमन दलाला बोलवा. तापलेल्या नळ्यावर किंवा विटांवर पाणी ओतायचे नाही, ते तडकतात. विझल्यावर तपासणी होईपर्यंत काडीसुद्धा लावायची नाही.

नवीन बसवताना न चुकण्याची मापे

शेगडीसोबत आलेल्या कागदातले अंतर अंतिम. कागद नसेल तर पेट घेणाऱ्या भिंतीपासून शेगडी ९० सेंमी आणि एकेरी पत्र्याचा नळा ४५ सेंमी दूर. जागा कमी असेल तर भिंतीपुढे पत्रा किंवा सिमेंट बोर्ड २५ मिमी पोकळी सोडून, खालून-वरून उघडा ठेवून बसवा. मग ९० चे ३० सेंमीपर्यंत आणता येतात. प्लायवर थेट चिकटवलेल्या फरशा हा उपाय नव्हे, त्या उष्णता जशीच्या तशी आत पाठवतात. जमीन लाकडी असेल तर दारापुढे ४५ सेंमी आणि बाजूंना २० सेंमीपर्यंत न जळणारा थर हवा.

एकेरी नळा भिंत, छत किंवा माळा यांतून न्यायचा नाही. तिथून दुपदरी उष्णतारोधक नळा, भोवती ५० मिमी रिकामी जागा. ही जागा रिकामीच ठेवायची. गवंड्याला ती भोक दिसते आणि तो भरून टाकतो. तेव्हा काम चालू असताना तिथे उभे राहा. नळ्यासाठी जीआय पत्रा वापरू नका. त्यावरचे जस्त ४१९ अंशांना वितळते आणि त्याची वाफ श्वासात जाणे घातक. काळ्या पोलादाचा, २४ गेजचा किंवा त्याहून जाड पत्रा घ्या.

थंडीआधी किती दिवस

दाराच्या कडेने फट बंद करणारी दोरी आधी तपासा, काम पाच मिनिटांचे. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. आठ जागी करा. जिथे पट्टी सहज निघाली तिथे दोरी दबून चपटी झाली आहे. जुनी पूर्ण काढा, खोबणीतला गोंद खरवडा आणि खोबणीच्या मापाची (बहुधा १० किंवा १२ मिमी) काचतंतूंची दोरी न ताणता बसवा. ताणली की बारीक होते आणि महिनाभरात पुन्हा फट पडते.

विटांचे नवे बांधकाम असेल तर थंडीच्या किमान महिनाभर आधी संपवा. चुना-सिमेंटातले पाणी सुकायच्या आत मोठी आग लावली तर सांधे फुटतात आणि पुढची अनेक वर्षे त्यांतून धूर झिरपतो. सुकल्यावरही पहिल्या तीन आगी छोट्या: पहिली मूठभर काटक्यांची, अर्ध्या तासाची, दुसरी थोडी मोठी, तिसरी दोन ढलप्यांची. मध्ये शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. या वेळी नव्या शेगडीचा रंग भाजतो, उग्र वास येतो, पत्र्यावरून पांढुरका धूरही निघतो, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा. पूर्ण आगीच्या एक-दोन दिवसांनंतरही वास येत राहिला तर तो रंगाचा नाही. उदबत्ती घ्या आणि गळ्याजवळच्या सांध्यापासून सुरुवात करा.